चितारआळी, गंजिफा आणि मावशींचे डाव

नाशिकहून सावंतवाडी गाठणं म्हणजे आधी दादर, मग मध्यरात्रीनंतर सुटणारी तुतारी एक्सप्रेस. स्टेशन गावापासून लांब, रिक्षावाला सांगेल तो भाव. बरोबर बायको आणि तिची मावशी. आंबोलीत धुक्यापलीकडे काही दिसलं नाही, बांगडा छान होता, एवढं सांगून थेट चितारआळीत येतो.

बाजारातल्या या आळीत दुकानांतून लाकडी आंबे, केळी, सीताफळं, वांगी टोपल्या भरभरून मांडलेली असतात. परंपरेने ही खेळणी पांगाऱ्याची. लाकूड हलकं आणि मऊ, त्यामुळे कोरायला सोपं. काचपेपरने घासून चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे रंग लाकडात मुरत नाही, वर उजळतो. आम्ही द्राक्षांच्या गावचे, म्हणून घड शोधला. त्या दुकानात नव्हता. "मणी मणी रंगवायचो तर दिवस जातलो," मालक म्हणाले.

तेवढ्यात गोव्याला निघालेली एक ट्रॅव्हल्सची बस रिकामी झाली. पाच मिनिटांत दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. हातातला आंबा आपटून बघत एका गृहस्थांनी विचारलं, "अर्ध्यात द्या की, लाकूडच तर आहे!" मालक हसले. मला हसू आलं नाही. जुन्या नाशकात वाडे पाडले जातात तेव्हा नक्षीचे खांब टेम्पोत भरतानाही हेच ऐकलंय: लाकूडच तर आहे. कोरणाऱ्याचे दिवस कुणी मोजत नाही. मावशींनी त्या गृहस्थांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मग प्लास्टिकचा घ्या, धुताही येतो." बस गेल्यावर मालकांनी आम्हाला चहा पाजला.

त्यांनीच राजवाड्यात जायला सांगितलं. मोती तलावासमोरच्या या वाड्यात दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी. ही कला जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराकडून ती शिकून घेतली आणि पुन्हा उभी केली. राजघराण्याने चित्रं विकत घेणं ऐकलं होतं. जमिनीवर बसून हातात कुंचला घेणं दुर्मीळच.

रंगवणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "खंयसून इलात?"

"नाशिक. हे खेळतात कसं?"

आता त्यांनी मान वर केली. भाव विचारणारे खूप, हे विचारणारे कमी असावेत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे 120 पत्ते. खेळणारे तिघे, प्रत्येकी चाळीस. खरी गंमत पुढे आहे. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा. आणि सुरुवात दिवसा खेळलात तर रामाच्या राजाने, रात्री कृष्णाच्या. घड्याळ बघून डाव सुरू करणारा पत्त्यांचा खेळ मी पहिल्यांदाच ऐकला. "आता कोण खेळता?" असं म्हणत त्या पुन्हा माशाच्या डोळ्याकडे वळल्या. पत्त्यावरचा मत्स्य माझ्या नखाएवढा होता आणि त्याला खवले होते.

मला वाटलं होतं, बघून निघू. संच महाग होता आणि मी तसं पुटपुटलोही. बायकोने पर्स उघडली. "चितारआळीत भाषण कोण देत होतं?" भाषण मावशींनी दिलं होतं, पण हा मुद्दा काढण्याची वेळ नव्हती.

परतीच्या गाडीत आम्ही नेमके तिघे. चादर पसरली. बाहेर अंधार, म्हणून मी कृष्णाचा राजा काढायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, डब्यात दिवे लागलेत म्हणजे दिवसच, राम. वरच्या बर्थवरचे गृहस्थ पंच म्हणून खाली उतरले आणि मावशींच्याच बाजूने बोलले. कणकवली सुटेपर्यंत जेवढे डाव झाले तेवढे सगळे मावशींनी जिंकले, कारण उलटे रंग कोणते ते दर वेळी त्याच ठरवत होत्या.