पाठीवरचे नाव

अमेरिकेतल्या क्विल्टच्या, म्हणजे तिकडच्या गोधडीच्या, प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका हिंडत असतात, आणि बहुतेक प्रेक्षक त्यांच्याकडे स्वच्छतागृहाची दिशा विचारायला जातात. वास्तविक त्यांचे काम निराळे असते. आपण एखाद्या क्विल्टपाशी उभे राहून मागची बाजू पाहण्याची इच्छा व्यक्त करायची. मग ती बाई दोन बोटांनी खालचा कोपरा अलगद उचलते आणि आपल्याला क्विल्टची पाठ दिसते. अलीकडेच एका दुपारी मी असाच एक कोपरा उचलवून घेतला. पुढे निळ्या-पांढऱ्या चौकोनांची देखणी रचना होती. मागे, तळहाताएवढ्या सुती तुकड्यावर, शाईने लिहिले होते की तुकडे कोणी जोडले, टाके कोणी घातले, ती कोणासाठी केली, कोणत्या गावी आणि कोणत्या साली. मी पुढची रचना विसरलो आणि ते लेबलच पुन्हा पुन्हा वाचत राहिलो.

क्विल्ट करते ती माझी पत्नी. मी गाडी चालवतो आणि पाठी पाहतो. ज्या गोष्टीवर कलावंताने वर्ष घालवले तिच्याकडे पाठ फिरवून हा माणूस चिठ्ठ्या वाचत बसतो, अशी तिची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

हात लावू नये हा या प्रदर्शनांतला लेखी नियम. हजारो बोटांचे तेल सुती कापडावर डाग होऊन राहते, त्यामुळे त्याबद्दल कोणाचे दुमत नसावे. पण साड्यांच्या दुकानांत घडलेल्या मराठी हाताला तो पाळणे फार जड जाते. कापड दिसले की ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून पोत पाहिल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही. म्हणून मी दालनात शिरतानाच दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतो आणि शाळा-तपासनिसासारखा चालतो. बाकीचे नियम कोणी कोठे लिहून ठेवलेले नाहीत, पण ते अधिक कडक आहेत. एखाद्या क्विल्टला मोठ्याने नावे ठेवू नयेत, कारण करणारी नेमकी आपल्या मागे उभी असते. “किती दिवस लागले?” असे विचारू नये, तो प्रश्न तिने त्या दिवशी असंख्य वेळा ऐकलेला असतो. आणि “माझी आजी अशा कितीतरी करायची” हे तर मुळीच म्हणू नये, विशेषतः आजी खरोखरच करत असेल तर.

सर्वांत नाजूक नियम श्रेयाचे आहेत. क्विल्टचे थर तीन: वरचा जोडकामाचा, मधला कापसाचा आणि खालचे अस्तर. अनेकजणी वरचा थर स्वतः जोडतात आणि तिन्ही थर एकत्र शिवण्यासाठी लाँगआर्म नावाचे अवाढव्य यंत्र बाळगणाऱ्या दुसऱ्या बाईकडे पाठवतात. यात गैर काही नाही. मात्र तिचे नाव लेबलावर आले नाही तर चहाच्या टेबलापाशी कुजबुज सुरू होते. नमुना दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याचाही उल्लेख हवा. अशा बाबतींत दुसऱ्यांच्या टाक्यांवर डोळा ठेवणाऱ्यांना तिकडे गमतीने ‘क्विल्ट पोलीस’ म्हणतात. एके काळी या पोलिसांचा सगळा राग यंत्रावर होता. केंटकी राज्यातल्या पडुका गावच्या मोठ्या प्रदर्शनात १९८९ साली यंत्राने टाके घातलेल्या एका क्विल्टला प्रथमच सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा हाताने शिवणाऱ्यांमध्ये बरीच खळबळ माजली होती. आता यंत्र चालते, नाव लपवलेले चालत नाही.

आणि तरीही परीक्षणाच्या दिवशी तेच नाव झाकून ठेवतात! परीक्षकांना ओळखीचा मोह पडू नये म्हणून लेबलावर कापडाचा तुकडा टाचला जातो, आणि परीक्षक बोलत असताना शेजारी बसलेली लेखनिका त्यांचे अभिप्राय उतरवून घेते. इतक्या काळजीने लिहिलेल्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी पडदा पडतो, हे मला फार आवडते.

हे सगळे पाहताना मला भांड्यांवर नाव घालणारा माणूस आठवतो. आमच्या लहानपणी लग्नमुंजींचा हंगाम आला की आई मला भांड्यांच्या दुकानात घेऊन जाई. तेथे एका कोपऱ्यात, मांडीवर पातेले उपडे घेऊन, तो बसलेला असे. त्याच्या हातातले लहानसे विजेचे यंत्र घर्र असा आवाज करी आणि चकचकीत स्टीलवर बारीक ठिपक्यांची अक्षरे उमटत जात. तो वर न पाहता विचारी, “काय घालू?” आणि आईचा कस लागे. ‘चि.’ लिहायचे की ‘चि. सौ. कां.’, ‘यांजकडून’ की ‘यांचेकडून’, काकांचे नाव घालायचे की काका-काकू दोघांचे, की भांडण नको म्हणून नुसते आडनाव. आणि दर अक्षरागणिक पैसे असल्याने ‘सप्रेम’ परवडते का, हाही प्रश्न होताच. वाटीवर तर तिथीपुरतीदेखील जागा नसे. पण नाव हवेच, कारण कार्याच्या घरी चार घरांची पातेली एकत्र येत आणि उष्टी-खरकटी आवरल्यावर ती ज्याच्या त्याच्या घरी परत जात ती त्या नावांच्या आधारावर.

मात्र त्या भांड्यावर नाव असे ते देणाऱ्याचे. घडवणाऱ्याचे कधीच नव्हते. पुण्याच्या तांबट आळीत ठोके घालून ज्यांनी बंब आणि घंगाळी घडवली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आमच्या घरातल्या तांब्याच्या भांड्यावर नाही. ज्या मामांनी केवळ पैसे मोजले त्यांचे आहे, तेही तारखेसकट.

गोधडीवर दोघांचेही नसे. आजीच्या गोधडीत धावदोऱ्याच्या रांगांमधून प्रत्येक तुकडा ओळखू येई: ही जांभळी पट्टी आत्याच्या लुगड्याची, हे मऊ पांढरे आजोबांच्या धोतराचे. सांगणारी माणसे घरातच होती, तेव्हा लिहून ठेवण्याचे कोणाला सुचले नाही. पुढे ती माणसे गेली आणि गोधडीचेही शेवटी पायपुसणे झाले.

लिहिणारे कोणीतरी भेटावे लागते, हे मला हॅरिएट पॉवर्स यांची हकिकत वाचल्यापासून वाटू लागले आहे. त्या १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मल्या. १८८६ साली तिथल्या अथेन्स शहरातल्या कापसाच्या जत्रेत त्यांची एक क्विल्ट मांडलेली होती; कापडाच्या कापलेल्या आकृत्यांतून अकरा चौकटींत बायबलमधले प्रसंग रचलेले होते. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे दिवस बिकट आले. १८९१ साली त्यांनी दहा डॉलर मागितले आणि अखेर पाच डॉलरला ती दिली. देताना मात्र त्यांनी एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथबाईंनी तो टिपून घेतला. त्यानंतरही पॉवर्सबाई आपली क्विल्ट पाहायला स्मिथबाईंकडे अनेकदा जात असत. आज ती वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. ते टिपण झाले नसते तर भिंतीवरच्या पाटीत कर्त्याच्या जागी बहुधा ‘अज्ञात’ एवढेच लिहावे लागले असते. पाच डॉलरमध्ये क्विल्ट विकली गेली. सांगितलेले शब्द मात्र पॉवर्सबाईंनी फुकट दिले आणि त्यांचे नाव टिकले ते त्या शब्दांमुळेच. मला हा व्यवहार पुष्कळदा अस्वस्थ करतो, आणि त्यात स्मिथबाईंना दोष कसा द्यावा हेही कळत नाही.

सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर नातवासाठी केलेली क्विल्ट पसरलेली आहे. लेबलाचा तुकडा ताठ राहावा म्हणून पत्नीने त्याला मागून एका बाजूला प्लॅस्टिकचा लेप असलेला ‘फ्रीझर पेपर’ इस्त्रीने चिकटवून दिला आहे, आणि माझे अक्षर बरे म्हणून न पुसणाऱ्या शाईचे पेन माझ्या हाती आले आहे. देवनागरीत लिहावे असा माझा आग्रह. नातवाला देवनागरी वाचता येत नाही, हे तिचे म्हणणे. दोन्ही लिप्यांत लिहायचे ठरल्यावर जागा झपाट्याने संपू लागली. तेव्हा मी हळूच मुद्दा मांडला की ज्याचा ज्याचा हात लागला त्याचे श्रेय देण्याची रीत असेल, तर खाली ‘अक्षर’ म्हणून माझेही नाव यायला हवे.

“अहो, मग इस्त्री कोणी केली तेही घाला,” ती म्हणाली.

एकच ओळ शिल्लक होती. तिच्यात मी ‘थंड पाण्यात धुवावी’ असे लिहिले.