डॉक्समधली सुरक्षा लावताना: माझा अनुभव

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशिन शॉप ढिगानं आहेत. त्यातल्या काही ठिकाणी स्टोअर आणि डिस्पॅचचा हिशोब एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालतो. ते बसवून द्यायचं काम माझ्याकडं येतं. त्याच नादात त्या प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनमध्येही (डॉक्स, म्हणजे वापरणाऱ्यासाठी लिहिलेली माहितीची पानं) मी हात घातला. कोड लिहायला माणसं मिळतात, डॉक्स लावायला कुणी लवकर तयार होत नाही. सुरक्षेचा भाग तर सगळ्यांनी एकमेकांवर ढकललेला होता. तो मी मागून घेतला.

सुरुवात अगदी कारकुनी कामानं झाली. पासवर्ड, सिक्रेट, परमिशन, टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करायची पद्धत), पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) असे शब्द सगळ्या फायलींतून ग्रेप या कमांडनं शोधले आणि जे सापडेल ते एका शीटमध्ये टाकत गेलो. पान कोणतं, सांगितलंय काय, ते कुणाला लागणार, कधी लागणार. पहिले दोन रकाने पटापट भरले. पुढच्या दोनांनी घाम काढला, कारण बऱ्याच ओळी कुणासाठी लिहिल्यात याचा पत्ताच लागेना.

एक उदाहरण देतो. डॉकर हे प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन, आणि कंपोझ म्हणजे त्या कप्प्यांची मांडणी सांगणारी फाइल. इन्स्टॉलेशनच्या पानावर अशा डॉकर कंपोझचा नमुना होता. त्यात डेटाबेसच्या खाली पोर्टची ओळ होती, '५४३२:५४३२'. आणि 'सुरक्षा' नावाच्या प्रकरणात, बरंच खाली, लिहिलं होतं की यूएफडब्ल्यू (लिनक्सवरचा फायरवॉल) चालू करा, म्हणजे डेटाबेस बाहेरून दिसणार नाही. दोन्ही ओळी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेल्या. सुट्या वाचल्या तर दोन्ही बरोबर वाटतात. पण डॉकर असं पोर्ट उघडतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या नेटवर्क नियमांची यादी) आपले स्वतःचे नियम घालतो, आणि बाहेरून आलेलं पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांना बगल देऊन थेट कंटेनरकडं जातं. म्हणजे दोन्ही पानं मन लावून वाचणाऱ्याचाच डेटाबेस उघडा! तिथं '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिहिलं की पोर्ट त्या मशिनपुरतं राहतं. खरं तर ती ओळ काढून टाकली तरी चालतं, कारण ॲप आणि डेटाबेस कंपोझच्या आतल्या नेटवर्कवर एकमेकांशी बोलतातच.

हे सुरक्षेच्या प्रकरणात कितीही ठळक लिहिलं असतं तरी फुकट होतं. नमुना कॉपी करणारा माणूस त्या प्रकरणापर्यंत जातच नाही. म्हणून मी आधी नमुना बदलला आणि मग प्रकरण फोडायला घेतलं.

इथं प्रकल्प सांभाळणाऱ्या मुख्य मेंटेनरशी जुंपली. त्यांचं म्हणणं, सुरक्षेचं सगळं एकाच प्रकरणात असावं, ऑडिट करणाऱ्याला सोयीचं पडतं. मुद्दा चुकीचा नव्हता. मी त्यांच्यापुढं दोन मोठी मॅन्युअलं ठेवली. जॅंगो या वेब फ्रेमवर्कच्या मॅन्युअलात एक पान ते फ्रेमवर्क कशापासून वाचवतं ते समजावून सांगतं, डिप्लॉयमेंटची चेकलिस्ट वेगळी आहे, सुरक्षेत भोक सापडलं तर कुणाला कळवायचं ते धोरण तिसरीकडं, आणि जुन्या त्रुटींची नोंद चौथ्या ठिकाणी. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मॅन्युअलात तर 'सुरक्षा' नावाचं एकच एक प्रकरण नाही. टीएलएस सर्व्हरच्या मांडणीत येतं, लॉगिनचे नियम ऑथेंटिकेशनमध्ये, रोल्स त्यांच्या प्रकरणात. तरी कुणाचं अडत नाही. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक गोष्टीचं घर एकच, ती लागते त्या पानावर, आणि 'सुरक्षा' हे पान फक्त पत्ते सांगणारं. ऑडिटवाल्यानं तिथून सुरू करावं.

नवी मांडणी खरोखर चालते का ते बघायला उद्यमनगरातल्या एका शॉपच्या स्टोअरकीपर काकांना जुनं प्रकरण आणि नवं पान दोन्ही वाचायला दिलं. जुन्यातली दोन पानं झाली आणि ते म्हणाले, "अवो, एवढं वाचत बसलो तर माल कोण पाठवणार? आत्ता काय करायचं तेवढं सांगा की." नव्या पानावरून त्यांनी ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदलला, कामगारांच्या लॉगिनला फक्त नोंद करायची परवानगी ठेवली, आणि चहा यायच्या आत मोकळे झाले. त्याच पानावर सिक्रेट कीबद्दलचा (सर्व्हरची गुप्त किल्ली) परिच्छेद होता, तो त्यांनी डोळ्याआड केला. बरोबरच आहे, तो सर्व्हर बसवणाऱ्याचा विषय. त्याच संध्याकाळी तो तिथून उचलला.

भोक सापडलेल्या माणसाची सोय आमच्याकडं अजिबातच नव्हती. म्हणून रेपोच्या, म्हणजे गिटहबवरच्या आमच्या कोडच्या साठ्याच्या, मुळाशी 'सिक्युरिटी डॉट एमडी' ही फाइल ठेवली. गिटहब ती सिक्युरिटीच्या टॅबमध्ये आपोआप दाखवतं. पहिलीच ओळ: जाहीर इश्यू (सगळ्यांना दिसणारी तक्रार) उघडू नका. पत्ता त्याच्या खाली. हा क्रम मी हट्टानं ठेवला, कारण घाईतला माणूस पत्ता मिळाला की पुढं वाचत नाही. वेबसाइटसाठी याच कामाची 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' फाइलसुद्धा टाकली. तिचा नमुना २०२२ साली आरएफसी ९११६ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला क्रमांक) म्हणून ठरलेला आहे. त्यात मुदतीची तारीख घालणं सक्तीचं आहे, ती उलटायच्या आत कुणीतरी नवी घालायला हवी. ते काम आता रिलीजच्या यादीत आहे.

सगळ्यात कंटाळवाणं काम जुन्या लिंकांचं. पान हललं तर रीडायरेक्ट लावता येतो, म्हणजे जुना पत्ता आपोआप नव्याकडं वळतो, पण पत्त्यातल्या हॅशच्या (#) पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळं जुन्या प्रकरणातल्या एखाद्या उपशीर्षकाची लिंक कुणी व्हॉट्सॲपवर जपून ठेवली असेल, तर सर्व्हरला ती ओळखता येत नाही. म्हणून 'सुरक्षा'च्या पानावर जुन्या सगळ्या उपशीर्षकांचे अँकर (लिंक जिथं येऊन थांबते त्या खुणा) हातानं ठेवले आणि प्रत्येकाखाली नव्या जागेची लिंक दिली. दिसायला ओबडधोबड आहे, पण राहू दे.

आवृत्तीचाही घोळ होता. एका पानावर पोस्टग्रेसचे पासवर्ड एमडी५ या जुन्या, कच्च्या पद्धतीनं ठेवायला सांगितलेलं. पोस्टग्रेस १४ पासून, म्हणजे २०२१ पासून, मूळ सेटिंगच स्क्रॅम ही जास्त भक्कम पद्धत आहे. आता सुरक्षेच्या प्रत्येक सूचनेशेजारी ती कोणत्या आवृत्तीपासून लागू ते लिहितो, आणि पुल रिक्वेस्टच्या (माझा बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) नमुन्यात एक प्रश्न घातलाय: या बदलानं एखादं पोर्ट, पासवर्ड किंवा मूळ सेटिंग बदलतंय का? बदलत असेल तर डॉक्सचं पान त्याच पुल रिक्वेस्टमध्ये यायला हवं.

बॅकअपच्या पानावरून मात्र अजून वाद चालू आहे. एन्क्रिप्शनचा भाग मेंटेनरना सुरक्षेत हवाय, मला बॅकअपच्या कमांडच्या लगेच खाली. सध्या तो कमांडखालीच आहे.