तो ‘सॉरी’ कबुलीजबाब नव्हता

दादा ऑपरेशनच्या रात्री गेला, त्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून, आणि असं विचारणारे तुम्ही पहिले नाही म्हणून, एकदा लिहूनच टाकते. ‘सर्जन स्वतःच्या तोंडानं सॉरी म्हणाला होता, मग तू त्याची बाजू का घेतलीस?’ नातेवाईक विचारतात, दादाचे मित्र विचारतात, आता त्याची मुलंही विचारू लागली आहेत.

मी बाजू घेतली नाही. मला अर्थ विचारला गेला, तो मी सांगितला.

‘सॉरी’ आणि ‘सॉरो’ सख्खे वाटतात, पण त्यांची कुळं वेगळी. ‘सॉरो’ जुन्या इंग्रजीतल्या ‘सॉर्ग’पासून आला, म्हणजे काळजी, दुःख. ‘सॉरी’ आला ‘सारिग’पासून, आणि त्याच्या पोटात ‘सार’ आहे: जखम, वेदना. आजचा ‘सोअर’ तोच. उच्चार जवळ येत गेले, तसे अर्थही एकमेकांत मिसळले. मुळात सॉरी म्हणणारा आपल्याला दुखतंय एवढंच सांगत होता. चूक कुणाची, हे त्यात नव्हतंच. आजही कुणाच्या घरी मृत्यू झाला की इंग्रजी बोलणारे ‘आय ॲम सॉरी’ म्हणतात. त्यांनी का कुणाला मारलेलं असतं?

त्या रात्री सर्जन बाहेर आला तेव्हा त्याची टोपी हातात होती. फॉर्मवर सही माझी होती, म्हणून तो माझ्याकडे बघून बोलला. ‘आय ॲम सो सॉरी.’ पुढे बराच वेळ काहीच नाही. वहिनी माझा हात धरून उभी होती, तिला तेवढ्यावरूनच कळलं. काकांना मात्र दुसरंच ऐकू आलं. ‘सॉरी म्हणाला! म्हणजे चूक झाली ना? कबूल केलं ना त्यानं?’ मग माझ्याकडे वळून, ‘तुला इंग्रजी येतं, तू सांग.’ मी म्हणाले, ‘त्यांना वाईट वाटतंय, असं म्हणताहेत.’ काकांनी माझ्याकडे पाहिलं ते परक्यासारखं. सर्जननं हे सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो भेटला तेव्हा शेजारी व्यवस्थापनाचा माणूस होता, आणि बोलण्यात फक्त ‘कॉम्प्लिकेशन’. पुढे पत्र आलं, त्यात ‘रिग्रेट’, म्हणजे खेद. तो पहिला शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. मला सर्वांत जास्त हेच लागलं. दादासाठी त्या इमारतीतल्या एका माणसाला दुखलं होतं, आणि आम्ही ते पुरावा म्हणून धरायला गेलो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं 1986 मध्ये कायदाच केला, की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दोषाचा पुरावा धरायची नाही. कॅनडात ऑन्टारिओच्या 2009 च्या कायद्यानं माफीलाही तसंच संरक्षण दिलं. हे वाचलं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही. दुखणाऱ्याला बोलू देणारी ही सोय लपणाऱ्यालाही तितकीच उपयोगाची आहे.

शिवाय शब्दाचं मूळ म्हणजेच त्याचा अर्थ, असं तेव्हा मी जे धरून चालले होते, त्याच्याशी माझंच भांडण आहे. ऑस्ट्रेलियात सरकारी धोरणानं आदिवासी मुलं आईबापांपासून तोडली गेली. 1999 मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांनी ‘रिग्रेट’ म्हटलं, ते पुरलं नाही. लोक ‘सॉरी’साठीच थांबले, आणि 13 फेब्रुवारी 2008 ला केविन रड यांनी तो संसदेत उच्चारला. त्यांना जुन्या इंग्रजीतली जखम सांगून काय उपयोग झाला असता? त्यांना जबाबदारी हवी होती. उलट 2001 मध्ये चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकी आणि चिनी लष्करी विमानांची टक्कर होऊन चिनी वैमानिक गेला, तेव्हा अमेरिकेच्या पत्रात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलं. चीननं त्याला माफी मानलं, अमेरिकेनं नाही, आणि चीननं अडकवून ठेवलेले अमेरिकी विमानातले 24 जण सुटले. शब्द तोच, दोघांनी आपापल्या सोयीनं वाचला.

म्हणजे काका चुकीचं ऐकत होते, असंही मी म्हणणार नाही. नक्की काय झालं हे मलाही हवं होतं, अजून हवं आहे. पण ते त्या दोन अक्षरांतून पिळून काढता आलं नसतं. मुलांना मी सांगते, काय झालं ते त्या सर्जनला विचारा, जरूर विचारा. तो सॉरी मात्र त्याच्याविरुद्ध वापरू नका. थोरल्याला हे पटत नाही. धाकटी अजून काही बोललेली नाही.