माशांसाठी वेगळा आरओ? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर भिंतीला एक उघडावाघडा आरओ टांगलेला आहे. त्याला कव्हर नाही, दिवे नाहीत. दोन उभे डबे, एक आडवी नळी, एक छोटा पंप आणि पांढऱ्या बारीक पाइपांचा गुंता. घरी आलेलं माणूस चहाचा कप विसळायला तिकडे गेलं की हमखास विचारतं, "हे काय?" मी म्हणते, "माशांचा आरओ." मग जरा शांतता, आणि मग तो प्रश्न: "माशांना कशाला आरओ? नदीत कुठे असतो?"

नदीत आरओ नसतो, कबूल. पण नदीत बोअरचं पाणीही नसतं.

मी वाढले सदाशिव पेठेत. तिथे नळाला खडकवासल्याचं पाणी यायचं, आणि माझी पहिली तीन फुटी टाकी त्याच पाण्यावर चालायची. क्लोरीन उडावं म्हणून रात्री बादल्या भरून ठेवायच्या आणि सकाळी ओतायच्या, शास्त्र एवढंच. वीस कार्डिनल टेट्रा होते. निळ्या पट्ट्याखाली लाल पट्टा असलेला हा बोटाच्या पेराएवढा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, रिओ निग्रोच्या काळ्या चहासारख्या पाण्यातला. त्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. पेठेतलं पाणीही तसं हलकंच, त्यामुळे माशांची काही तक्रार नव्हती.

मग आम्ही शहराच्या पूर्वेला राहायला आलो. इथे वर्षभर बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "पाणी जड आहे, डाळ शिजत नाही." मी ऐकलं आणि कुकरच्या दोन शिट्ट्या वाढवल्या. माशांचा विचारही मनात आला नाही. पिशवी नव्या टाकीत पंधरा मिनिटं तरंगत ठेवली आणि मासे सोडून दिले. त्या पंधरा मिनिटांत फक्त तापमान सारखं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी सहा गेले, आठवडाभरात अकरा.

गावाला जाऊन आजारी पडलेल्या माणसाला आपण "पाणी बाधलं" म्हणतो. माशांच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा क्षार जास्त असतात, म्हणून कल्ल्यांतून पाणी सारखं आत शिरत राहतं आणि मासा ते सतत मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. बाहेरचे क्षार एकदम आठनऊ पट झाले की हा सगळा हिशेब कोलमडतो. मी पाचशे रुपयांचा टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा) घेतला तो अकरा मासे गेल्यावर. माहेरचं पाणी ९०, इथलं ८२०. मे महिन्यात टँकरगणिक आकडा बदलायचा, कधी ६००, कधी ११००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माणसांच्या हिशेबाने आमचं पाणी फार वाईट नव्हतं. मला खुपत होता तो आकडा नाही, त्याचं रोज हलणं.

आता तुमचे पुढचे दोन प्रश्न. ते ठरलेले असतात.

"सोसायटीत सॉफ्टनर आहे की!" आहे. पण सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, गीझर वाचतो, पण मीटरवरचा आकडा होता तिथेच राहतो. माशाच्या दृष्टीने जड पाणी जाऊन खारट पाणी आलं, इतकंच. म्हणून मी पाणी सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवरून घ्यायचा प्रयत्न केला. प्लंबरने माझ्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला. आरओतल्या मेंब्रेनचं, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पटलाचं, त्याने बिघडत नाही, उलट सॉफ्टनरमागे ती जास्त टिकते.

"स्वयंपाकघरातला आरओ आहे ना, त्यातलंच घाला." यातला धोका मात्र खरा आहे. पिण्याच्या बऱ्याच आरओंना आत एक छोटा स्क्रू असतो, टीडीएस कंट्रोलर. चव यावी म्हणून तो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो, त्यामुळे शुद्ध पाण्यात किती काय आहे ते तुमच्या तंत्रज्ञालाच ठाऊक. पुढे मिनरलचं कार्ट्रिज. आणि हल्ली तांब्याची फॅशन आली आहे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आजोबांना मानवत असेल, पण टाकीतल्या कोळंबीला आणि गोगलगायींना तांबं म्हणजे थेट विष. एका मैत्रिणीने तसलं पाणी घातलं आणि दोन दिवसांत तिची सगळी लाल कोळंबी उताणी पडली. तिला आधी वाटलं, कात टाकताहेत.

म्हणून हा वेगळा. सुट्या भागांच्या दुकानातून आणून मी आणि नवऱ्याने एका रविवारी जोडला, खर्च पाच हजारांच्या आत. पाणी आधी पाच मायक्रॉनच्या गाळ-फिल्टरमधून जातं. आमच्याकडे दोन महिन्यांत तो पांढऱ्याचा गेरूसारखा होतो. मग क्लोरीन काढणारा कार्बनचा फिल्टर. बोअरच्या पाण्याला क्लोरीन नसतो, पण सोसायटीवाले टाकी धुतली की मुठीने पावडर टाकतात, आणि क्लोरीनने मेंब्रेन खराब होते. त्यानंतर पंप. पंप कशाला, तर गच्चीवरची टाकी आमच्या डोक्यावर जेमतेम तीन मजले आहे, म्हणजे एक बारभर दाब. मेंब्रेनला चार-पाच बार लागतो. पंप न लावता पहिल्या दिवशी आम्ही नळीच्या टोकाशी पेला धरून बसलो होतो. तासाभरात तो निम्मा भरला आणि नवरा म्हणाला, "हा आरओ आहे की सलाइन?"

आणि मग ती आडवी नळी, मेंब्रेन. उलगडून पाहिली तर गुंडाळलेल्या सतरंजीसारखी दिसते. पाणी दाबाने ढकलून क्षार मागे ठेवणारं पहिलं कामाचं पापुद्र्यासारखं पटल १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी बनवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्राचं पाणी गोडं करणं होतं. आमच्या बाल्कनीतले कार्डिनल त्यांच्या हिशेबात नसणार.

माझी मेंब्रेन ७५ गॅलनची, म्हणजे कागदावर दिवसाला २८० लिटरच्या आसपास. प्रत्यक्षात तासाला नऊ-दहा लिटर मिळतं आणि ८२० चं पाणी ३० ते ३५ वर येतं. नवी मेंब्रेन बसवली की सुरुवातीचं काही तासांचं पाणी फेकून द्यायचं, त्यात ती टिकवायला घातलेलं रसायन असतं. आणि दर वेळी चालू केल्यावर पहिली पाच मिनिटंही टाकीत घ्यायची नाहीत. यंत्र बंद असताना क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे पहिला पेला मोजला तर दोनशे दाखवतो. लोक तेवढंच मोजतात आणि दुकानदाराशी भांडायला जातात.

आरओचं पाणी साठवायच्या ड्रमला फ्लोट (ड्रम भरला की पाणी आपोआप बंद करणारा) बसवलेला नव्हता तेव्हाची एक रात्र सांगायला हवी, पण थोडक्यात सांगते. गजर लावला, गजर बंद केला, झोपले. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. त्यांच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कुरडया होत्या. फ्लोट ऐंशी रुपयांना मिळतो. काकूंना पुढच्या वर्षी मी दोन किलो गव्हाच्या कुरडया घालून दिल्या.

पण खरी चूक त्या रात्रीची नाही. पाणी एवढं स्वच्छ मिळतंय म्हटल्यावर मी चार महिने टाकीत नुसतं आरओचंच पाणी घातलं. आरओच्या पाण्यात घाण नसते तसं दुसरंही काही नसतं. पाण्यातले बायकार्बोनेट पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा, धरून ठेवतात. ते नसले की माशांच्या घाणीवर जगणारे फिल्टरमधले जिवाणू जे आम्ल तयार करतात, ते अडवायला कोणीच उरत नाही. पीएच घसरत साडेपाचवर आला, आणि तेवढ्या आम्लात ते जिवाणूही काम टाकतात. त्यांनी संपवायचा तो माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया साठत गेला. मासे मात्र ठणठणीत दिसत होते, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि त्या रूपात तो फारसा त्रास देत नाही.

एके दिवशी मी पीएच मोजला, घाबरले, आणि पीएच वर आणायला एक बादली बोअरचं पाणी ओतलं. पीएच चढला, अमोनियमचा अमोनिया झाला. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले. संध्याकाळपर्यंत नऊपैकी दोन राहिले. या वेळी पाण्याला दोष देता येत नव्हता. ती बादली मीच उचलली होती.

तेव्हापासून शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोनाराचा वाटावा असा छोटा काटा येतो. पन्नास लिटरच्या ड्रमला जिप्सम ४.६ ग्रॅम, एप्सम सॉल्ट २.२ ग्रॅम, खायचा सोडा ३ ग्रॅम. सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. यातून पाण्याला साधारण चार अंश (जडपणा मोजायचं माप) जडपणा येतो, त्यात तीन भाग कॅल्शियमचे आणि एक मॅग्नेशियमचा, आणि दोन अंश बायकार्बोनेट. मीटर दीडशेच्या आसपास थांबतो. एप्सम आणि सोडा ढवळताक्षणी नाहीसे होतात. जिप्सम मात्र बुडाशी पिठासारखं बसून राहतं. ड्रममध्ये छोटी मोटर टाकून रात्रभर फिरवत ठेवलं की सकाळी पाणी नितळ असतं. पहिल्यांदा ते गढूळ पाणी पाहून सासूबाईंनी विचारलं होतं, "एवढं वाया घालवून साफ केलंस, आणि आता परत चुना घालतेस?" मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं. आधी पाटी पुसायची आणि मग आपल्याला हवं तेवढंच तिच्यावर लिहायचं, यासाठी हा सगळा खटाटोप. टँकर कुठलाही येवो, रविवारी सकाळी माशांना मिळतं ते पाणी मागच्या रविवारसारखंच असतं.

थोडं कच्चं पाणी आरओच्या पाण्यात मिसळूनही काम भागतं, आठाला एक या प्रमाणात. बोअरचा आकडा वर्षभर स्थिर असेल तर तेच करा, काट्याची भानगड नको. आमचा नाही, म्हणून काटा. समुद्री टाकीवाल्यांचं प्रकरण याहून वेगळं. त्यांना सिलिकेट आणि फॉस्फेटचा अंशही नको असतो, नाहीतर काचेवर तपकिरी शेवाळ चढतं. ते मेंब्रेनच्या पुढे आणखी, उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या, रंग बदलणाऱ्या रेझिनचा डबा लावतात. मी त्या वाटेला गेलेले नाही.

राहिलं वाया जाणारं पाणी. त्यावरून घरात दोन वर्षं धुसफूस चालली, आणि चूक माझीच होती. एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर पडतं. पन्नास लिटरला दीडशे. ज्या घरात मे महिन्यात एक वेळ पाणी येतं, तिथे ते गटारात सोडणं कोणालाही खुपणारच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ बंद करा असं जे सांगितलं, त्यामागे हेच कारण होतं. मी वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीला जास्त अडवणारा रिस्ट्रिक्टर लावून प्रमाण कमी करून पाहिलं. आठ महिन्यांत मेंब्रेनवर क्षार बसले आणि ती गेली. आता पिंपात साठवते. फरशी पुसायला, संडासाला, पायपुसणी भिजवायला ते चालतं. कुंड्यांना नाही. त्यात क्षार हजाराच्या वर असतात. तुळशीला घालून बघितलं होतं, तर पानांच्या कडा जळाल्या, आणि त्या आठवड्यात घरात माशांचं नाव काढायची सोय नव्हती.

एवढं ऐकून झाल्यावर बहुतेकांना वाटतं, आपणही आरओ लावावा. मी सहसा नको म्हणते. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश जड पाण्यात मजेत राहतात. मॉलीला तर तेच आवडतं, आणि आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातल्या माशांना माझं आरओचं पाणी शिक्षाच वाटेल. नळाचं क्लोरीनवालं पाणी असेल तर चिमूटभर सोडियम थायोसल्फेट पुरतं. कार्डिनल, डिस्कस किंवा लाल कोळंबी पाळायची असेल आणि घरी बोअर असेल, तरच या फंदात पडा.

परवा बी विंगमधला सातवीतला मुलगा आला. कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. हातात कोल्ड्रिंकच्या बाटलीत घरचं पाणी, मी फोनवर सांगितलं होतं तसं. मीटर बुडवला: ८४०. त्याने डिस्कसचा फोटो दाखवला, वाढदिवसाला हवा होता. ताटलीएवढा निळा मासा. मी त्याला ड्राय बाल्कनीत नेलं, डबे दाखवले, काटा दाखवला, पिंप दाखवलं. तो बराच वेळ पिंपाकडे बघत राहिला.

"काकू, काळ्या मॉली किती मोठ्या होतात?" त्याने विचारलं.

"बोटाएवढ्या," मी म्हटलं. "पण पिल्लं खूप देतात."

"चालेल," तो म्हणाला, आणि बाटलीतलं पाणी जाता जाता माझ्या पिंपात ओतून गेला.