खिंडीखालचा मुक्काम

नकाशावर निळी रेघ, प्रत्यक्षात नुसते कोरडे गोटे! दुपारी बाटलीत जेमतेम अर्धा लिटर उरलेलं. ओढ्याच्या पात्रातून वर चढत गेलो, तेव्हा कुठे कातळाच्या फटीत शेवाळ दिसलं आणि त्यातून थेंब थेंब पाझर. लिटरभर भरायला वीस मिनिटं लागली. वर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. घशाला कोरड पडलेली असताना हा अर्धा तास काय असतो, विचारू नका.

तंबूसाठी पात्रातली वाळू मस्त सपाट होती, पण वर कुठे पाऊस झाला तर लोंढा तिथूनच येणार. खिंडीच्या माथ्यावर वारा आणि विजेची भीती. मग मधल्याच एका तिरक्या टप्प्यावर पथारी टाकली. रात्रभर खाली घसरत होतो आणि पुन्हा वर सरकत होतो. कोरडा राहिलो, एवढं खरं.