बारा ट्रान्सफॉर्मर आणि बत्तीस दिवस : माझा अनुभव

पार्सलवर लिहिलं होतं, 'ट्रान्सफॉर्मर्स, नग १२'. एवढ्यावरून 'ट्रान्सफॉर्मर्स' या रोबोटांच्या कॉमिकचे आमचे बारा अंक मुंबईत अडकले आणि हातात पडायला बत्तीस दिवस लागले. माझा राग अजून गेलेला नाही. परदेशातून कॉमिक मागवणाऱ्या दुसऱ्या कुणाचे एवढे दिवस जाऊ नयेत म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी अमळनेरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथं पुस्तकांच्या गाळ्यांतून फिरताना माझ्या टी-शर्टवरचं ऑटोबॉटचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधल्या चांगल्या रोबोटांच्या गटाचं, लाल तोंड बघून पारोळ्याच्या एका सरांनी मला हटकलं, "नवी मालिका वाचता का?" वाचत होतो. तेव्हा चौथा अंक झाला होता. सरांच्या ओळखीतला भुसावळच्या लोको शेडमधला एक मित्र आणि धुळ्याची ताई, जी आर्ट टीचर डिप्लोमा करतेय, असे आम्ही चौघे जमलो. दोन-तीन महिन्यांनी एकदा माझ्या गच्चीवर बसायचं, प्रत्येकानं अंकातली एकच चौकट निवडायची आणि तिच्यावर बोलायचं. गुण द्यायचे नाहीत. गुण दिले की माणसं आकड्यावर भांडतात आणि चित्र बाजूला राहतं, हे सरांचं म्हणणं आम्ही मान्य केलं.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. ट्रान्सफॉर्मर्सची ही नवी मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये स्कायबाउंड या अमेरिकन प्रकाशनानं सुरू केली. सुरुवातीला लेखन आणि चित्रं डॅनियल वॉरन जॉन्सनची, रंग माइक स्पायसरचे. पहिल्याच अंकात शत्रू गटातला स्टारस्क्रीम बंबलबी या ऑटोबॉटला मारतो. लहानपणापासून ज्याचं खेळणं हातात धरलं तो पहिल्या वीसेक पानांत गेला, हे मला दोन दिवस पचलं नव्हतं. सातव्या अंकापासून चित्रं होर्हे कोरोनाकडे गेली, लेखन मात्र तेव्हा जॉन्सनकडेच होतं. म्हणजे सात, आठ आणि नऊ या अंकांवर आमची सगळ्यात मोठी चर्चा व्हायची होती. नेमके तेच अंक अडकले.

आमचा एक नियम आहे. चौघांच्या हातात कागदी अंक पडेपर्यंत कुणी अक्षर बोलायचं नाही. पहिल्या वेळी भुसावळच्या मित्रानं मोबाइलवर आधी वाचलं आणि भरात बोलून गेला. त्यामुळे अंकातला मोठा प्रसंग सरांना पान उलटण्याआधीच कळला. सर काही म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी चहासुद्धा न घेता निघाले. तेव्हापासून हा नियम.

अंक अमेरिकेतल्या एका दुकानातून मागवले. तीन अंकांच्या चार-चार प्रती, एका अंकाची छापील किंमत ३.९९ डॉलर, म्हणजे बारांचे ४७.८८ डॉलर. ऑर्डर, पैसे, विमान, सगळं सुरळीत. ८ जुलैला पार्सल मुंबईत उतरलं आणि तिथंच घोडं अडलं.

११ तारखेला कुरियर कंपनीचा ईमेल आला. तुमचा माल व्यापारी आयातीचा दिसतो, तरी आयात-निर्यात कोड क्रमांक पाठवा. मी चक्रावलोच. कॉमिकला आयातीचा परवाना कशाला? जोडलेला कागद उघडला तेव्हा उलगडा झाला. वर्गीकरणाच्या रकान्यात ८५०४ लिहिलं होतं. सीमाशुल्काच्या यादीत ८५०४ म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर. आणि पत्ता मी दुकानाचा दिलेला, ज्याच्या नावातच 'इलेक्ट्रिकल्स' आहे. अमळनेरच्या इलेक्ट्रिकलवाल्यानं अमेरिकेतून बारा ट्रान्सफॉर्मर मागवले, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांच्या जागी कुणी एकदा चूक केली असती तर मी समजू शकलो असतो. पण खोक्याची एक बाजू उघडून बघायला कितीसा वेळ लागतो?

(पत्ता घरचाच द्या. दुकानाचा, कारखान्याचा, संस्थेचा नको. हे मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.)

फोन केला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एकजण बोलला. मी म्हणालो, साहेब, खोकं किलोभराचं आहे, त्यात बारा नग आहेत, एक नग ऐंशी ग्रॅमचा पडतो, असा कुठला ट्रान्सफॉर्मर असतो? तो म्हणाला, "छोटे असतात ना, अ‍ॅडॉप्टरमधले." यावर मला उत्तर सुचेना, कारण तसे खरंच असतात, माझ्याच खणात पडलेले आहेत. मग मी सांगितलं की ही गोष्टीची चित्रमय पुस्तकं आहेत, रोबोटांची. त्यानं टिपून घेतलं. काम झालं असं वाटून मी तिघांनाही फोन करून आठवड्यात अंक येतील म्हणून सांगून टाकलं.

आठवडा गेला. दुकानात गर्दीचे दिवस. पावसानं दडी मारली की विहिरींवरच्या मोटारी जळतात आणि शेतकरी सकाळी सातला दारात उभा असतो. हातात तांब्याची तार आणि कानाला फोन, अशी माझी अवस्था. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. २२ तारखेला दुकान बंद ठेवून जळगावच्या शाखेत गेलो. काउंटरवरचा पोरगा भला होता. संगणकात बघून म्हणाला, "भाऊ, आम्हना हातमा काहीच नही." पण त्यानं एक गोष्ट दाखवली आणि तिनंच पुढे मला वाचवलं. त्यांच्या पडद्यावर मालाच्या वर्णनाचे पहिले थोडेच शब्द दिसतात. आमच्या पावतीवर आधी मालिकेचं नाव होतं, मग अंकांचे क्रमांक, आणि 'कॉमिक बुक' हे शब्द अगदी शेवटी. ते पडद्यावर येतच नव्हते.

२४ तारखेला दुसरा ईमेल. वर्गीकरण बदललं होतं, पण ते आता ९५०३ झालं होतं. म्हणजे खेळणी! फोनवर मी 'रोबोट' म्हणालो होतो, त्याचा हा परिणाम. आता म्हणे भारतीय मानक ब्यूरोचं प्रमाणपत्र हवं. खेळण्यांना ते २०२१ पासून सक्तीचं आहे, आणि त्या वेळी खेळण्यांवर मूळ सीमाशुल्क ७० टक्के होतं. छापील पुस्तकांवर ५ टक्के, तेही २०१९ च्या अर्थसंकल्पापासून लागलेलं. मला पैशांची काळजी नव्हती. पण कागदाच्या अंकाला खेळण्याचं प्रमाणपत्र मी आणणार कुठून? त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, पुस्तकंच आहेत, दुसरी मागवा. दुसरी मागवली असती तरी त्याच खिडकीवर अडकली असती.

हे चालू असतानाच जुलैच्या अखेरीस बातमी आली. सॅन दिएगोला आइसनर पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्तम चालू मालिका म्हणून आमच्या मालिकेची निवड झाली आणि सर्वोत्तम लेखक-चित्रकार म्हणून जॉन्सनची. अमेरिकन कॉमिकच्या जगात हा फार मोठा मान समजला जातो. भुसावळच्या मित्राचा फोन आला. दोघं आनंदानं ओरडलो आणि मग गप्प झालो. ज्या मालिकेला हा मान मिळाला तिचे अंक आमच्या नावानं मुंबईत पडलेले आणि आम्ही त्यांतलं एक पानही पाहिलेलं नाही. तो म्हणाला, "भो, आता मोबाइलवर वाचू का?" मी नाही म्हणालो. त्यानं वाचलं नाही. या बत्तीस दिवसांतली मला सगळ्यात अभिमानाची वाटणारी गोष्ट हीच.

शेवटी काय चाललं ते सांगतो. अमेरिकेतल्या दुकानदाराला मी रात्री जागून पत्र लिहिलं आणि पावती नव्यानं बनवून मागितली. त्यात पहिलेच शब्द 'छापील कॉमिक पुस्तकं', मग ४९०१ हा छापील पुस्तकांचा क्रमांक, मग किती पानं, आणि मालिकेचं नाव सगळ्यात शेवटी. तो बिचारा त्याच दिवशी पाठवून मोकळा झाला. सोबत मी चार गोष्टी एकाच ईमेलमध्ये जोडल्या : नवी पावती, आधार कार्ड, माल विक्रीसाठी नसून स्वतःच्या वाचनासाठी आहे असं सही केलेलं पत्र, आणि सहाव्या अंकाची आतली दोन पानं उघडी ठेवून काढलेला फोटो. व्यक्तिगत वापरासाठी मागवलेल्या वस्तूला आयात-निर्यात कोड लागत नाही, हे वाक्य पत्रात ठळक घातलं. चार ईमेल वेगवेगळे पाठवू नका. प्रत्येक ईमेलला नवा तक्रार क्रमांक पडतो आणि प्रत्येक क्रमांक वेगळ्या माणसाकडे जातो. मी पहिल्या पंधरवड्यात हीच चूक केली होती.

६ ऑगस्टला सुटका झाली. ९ तारखेला, शुक्रवारी दुपारी, खोकं हातात आलं. मी ते दुकानात उघडलं नाही. हात ग्रीसचे होते.

रविवारी, ११ तारखेला, चौघं गच्चीवर बसलो. पाऊस होता म्हणून ताडपत्री बांधली. शेवभाजी केली होती. भरीत पार्टी थंडीतच, तेव्हा वांगी चांगली मिळतात. आधी दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही, नुसती पानं उलटण्याचा आवाज.

पहिली तोफ ताईनं डागली. तिच्या मते चित्रकार बदलला तेव्हा मालिकेचं वजन कमी झालं. जॉन्सनचा रोबोट पडतो तेव्हा जमीन हलते, कारण तो आदळण्याचा आवाजसुद्धा चित्राचा भाग म्हणून हातानं काढतो. त्याला कुस्तीचं वेड आहे आणि त्याचे रोबोट एकमेकांना कुस्तीतल्यासारखे उचलून आपटतात. कोरोनाच्या रेषा टोकदार आहेत, अंगं लांबट, वेग जास्त. ताई म्हणाली, वेग आला पण भार गेला. मला हे पटलं नाही. स्पायसरचे रंग तेच राहिल्यामुळे हात बदलला तरी जग तेच वाटतं, आणि पळापळीच्या पानांना कोरोनाचीच रेष शोभते. यावर आम्ही तासभर भांडलो. मी अजून माझ्या मतावर आहे.

खरी रंगली ती हाताची चर्चा. पहिल्या सहा अंकांच्या कथेत ऑटोबॉटांचा नेता ऑप्टिमस प्राइम आपला हात गमावतो आणि त्या जागी शत्रू गटाचा नेता मेगाट्रॉन याचा हात बसवून घेतो. शत्रूचा हात. सरांचं म्हणणं, लेखकानं इथं मोठा प्रश्न टाकलाय : जुलमी माणसाचं शस्त्र घेऊन न्यायानं लढता येतं का? लोको शेडवाला म्हणाला, "सर, आमच्याकडे रोज हेच चालतं. उभ्या इंजिनाचा भाग काढून चालत्या इंजिनाला लावतो. इंजिन काय लाजतं का?" सर हसले, पण मागे हटले नाहीत. इंजिनाला आठवण नसते, या रोबोटांना असते, म्हणाले.

मग मी माझ्या धंद्यातलं बोललो. जळालेल्या मोटारीत दुसऱ्या गेजची, म्हणजे वेगळ्या जाडीची, तार भरली तर मोटार चालते, पाणीही काढते, पण करंट वेगळा ओढते. पंधरा दिवसांनी स्टार्टर ट्रिप व्हायला लागतो आणि शेतकऱ्याला कळत नाही का ते. ऑप्टिमसचं तसंच होणार, आत्ता नाही, पुढं कधीतरी. सरांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या अंकांत मी बरोबर ठरतो की चूक, ते बघायचं म्हणून त्यांनी तारीख टाकून माझी सही घेतली.

कार्लीवर बोलायचं राहून गेलं. ती माणसांतली मुलगी, तिची आणि क्लिफजंपर या ऑटोबॉटची जोडी मला या मालिकेतली सगळ्यात खरी वाटते. तिचा राग कुणी समजूत घालून शांत करत नाही, तो तसाच धगधगत राहतो. पण धुळ्याची बस चुकली असती म्हणून ताई उठली आणि विषय पुढच्या वेळेवर गेला.

आणखी एक आठवलं. पावसाळ्यात मागवत असाल तर दुकानदाराला प्रत्येक अंकामागे पुठ्ठा आणि वरून प्लास्टिकची पिशवी घालायला सांगा. आमच्या खोक्याचा एक कोपरा भिजला होता. आठव्या अंकाच्या एका प्रतीची कड फुगली. ती प्रत मी ठेवून घेतली आणि बाकीच्या तीन त्यांना दिल्या.