उडी अडीच चौकटींवर का संपते? ब्राउझर गेमवर अभिप्राय देण्याचा माझा अनुभव

एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून केलेला छोटा ब्राउझर गेम खेळायचा आणि काय जाणवलं ते बनवणाऱ्याला कळवायचं, यातलं बरंचसं काम सुरळीत होतं. अडतं ते एकाच ठिकाणी. आपण चूक कळवतो आणि उत्तर येतं, ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय.’ असे अभिप्राय बरीच वर्षं लिहितेय, तरी हे वाक्य दिसलं की अजूनही चिडचिड होते. पण ते खोटं नसतं. त्याच्याकडे खरंच चालत असतं.

मला सगळ्यात जास्त छळलंय ते उडीने. प्लॅटफॉर्मर जातीचा, म्हणजे उड्या मारत कट्टे चढायचा गेम, दुसरीच लेव्हल, चार चौकटी (लेव्हल ज्या सारख्या चौकोनांनी बनते ते) उंच कट्टा आणि आपली उडी अडीच चौकटींवर संपते. ‘उडी पुरत नाही, लेव्हल फार अवघड आहे’ असं कळवलं की बनवणारा समजतो, हिला अजून सराव नाही. तो स्वतः खेळून बघतो आणि सहज वर चढतो. मग दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि चूक तिथल्या तिथे.

कारण बहुतेकदा स्क्रीनच्या रिफ्रेश रेटमध्ये, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्यात, सापडतं. ब्राउझर गेममधलं चित्र सहसा ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ ही ब्राउझरची सोय वापरून पुन्हापुन्हा काढलं जातं आणि त्याचा वेग ठरतो स्क्रीनवरून. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा) स्क्रीनवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंदांची, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांची. सगळी हालचाल ‘दर फ्रेमला इतके पिक्सेल’ अशी लिहिली असेल, तर १४४ वर अख्खा गेम २.४ पट वेगाने पळतो. हे कुणालाही लगेच दिसतं. उडीची उंची त्यात बदलत नाही, ती फक्त लवकर आटोपते.

फसवतो तो अर्धवट दुरुस्त केलेला गेम. समजा उडीचा सुरुवातीचा वेग सेकंदाला ६०० पिक्सेल आहे आणि जागा बदलताना वेगाला डेल्टा टाईमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, रीतसर गुणलंय. पण गुरुत्वाकर्षण मात्र दर फ्रेमला त्या वेगातून सरसकट ३० वजा करतंय. वेग शून्यावर यायला २० फ्रेम लागतात. ६० हर्ट्झवर त्या २० फ्रेम म्हणजे ०.३३ सेकंद आणि उडी साधारण १०० पिक्सेल. १४४ हर्ट्झवर त्याच २० फ्रेम ०.१४ सेकंदात संपतात आणि उडी भरते जेमतेम ४२ पिक्सेल. चौकट १६ पिक्सेलची धरली तर कट्टा ६४ पिक्सेलचा. बनवणारा ६० किंवा ७५ हर्ट्झवर बसलाय, त्याला काहीच अडत नाही. १२० च्या स्क्रीनवरच्या प्रत्येकाची उडी ५० वर थांबते आणि गेम तिथेच संपतो. चालणं, शत्रूंचा वेग, घड्याळ, सगळं बरोबर दिसतं, म्हणून वेगाचा संशयही येत नाही. वर ‘डेल्टा टाईम लावलेला आहे’ असं तो छातीठोकपणे सांगतो आणि तेही खरंच असतं.

यातून बाहेर यायचा एकच रस्ता मला सापडलाय. वाद घालायचा नाही, एकच गोष्ट बदलून दोनदा खेळायचं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० करायचा. ब्राउझर तोच, लेव्हल तीच, कट्टा तोच. आणि कळवायचं ते असं:

‘विंडोज ११, क्रोम, झूम १०० टक्के. लेव्हल २, पहिला कट्टा. १४४ हर्ट्झवर उडी अडीच चौकटी, दहा प्रयत्नांत एकदाही चढता आलं नाही. फक्त रिफ्रेश रेट ६० केला: उडी सहा चौकटी, पहिल्याच प्रयत्नात वर. अंदाज: गुरुत्वाकर्षणाला डेल्टा टाईम लागलेला नसावा.’

‘अंदाज’ हा शब्द मी कधीही गाळत नाही. पाहिलेलं आणि तर्काने काढलेलं एकाच वाक्यात मिसळलं की बनवणारा तर्क खोडून काढतो आणि पाहिलेलंही त्यासोबत वाहून जातं. उंची पिक्सेलमध्ये न सांगता चौकटींत सांगते, कारण चौकटी त्याला त्याच्या स्क्रीनवर मोजता येतात. व्हिडिओ जरूर जोडावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. रेकॉर्डिंग बहुधा ३० किंवा ६० फ्रेमचं होतं, त्यात १४४ दिसतच नाहीत. तो आकडा मजकुरात लिहावाच लागतो.

बनवणाऱ्याकडे वेगवान स्क्रीन नसेल तर उलट बाजूने दाखवता येतं. गेमच्या लूपमध्ये (दर फ्रेमला पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) एकाआड एक फ्रेम वगळली की ६० च्या ३० होतात आणि तीच उडी दुप्पट, २०० पिक्सेलची होते. आयफोनवर लो पॉवर मोड चालू असताना सफारी फ्रेम ३० वर आणतं, म्हणजे फोनवर खेळणाऱ्या काहींना लेव्हलचं छत ओलांडून जाता येत असेल. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढे काही पटवावं लागत नाही.

आता बाकीच्या गोष्टी, जशा आठवतील तशा.

‘आवाज येत नाही’ एवढंच लिहू नये. क्रोमने २०१८ पासून वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय किंवा बटण दाबल्याशिवाय वेब ऑडिओ, म्हणजे गेमचा आवाज वाजवणारी ब्राउझरची सोय, सुरू होणं बंद केलंय. पहिल्या क्लिकच्या आधी आवाज नव्हता की नंतरही नव्हता, यावर सगळं ठरतं.

बाण दाबले की पान वरखाली सरकतं पण पात्र हलत नाही, तेव्हा गेम दुसऱ्या पानात चौकटीसारखा बसवलेला असतो आणि कीबोर्ड बाहेरच्या पानाच्या ताब्यात असतो. गेमवर एकदा क्लिक करून मग काय होतं ते कळवावं. डब्ल्यू-ए-एस-डी या बाणांऐवजी वापरायच्या बटणांनी हालचाल होत नसेल तर आधी कीबोर्डची भाषा बघा. गेम बटणाच्या जागेऐवजी उमटणारं अक्षर वाचत असेल, तर मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना ‘डी’ दाबल्यावर त्याला हलन्त मिळतो. ही चूक आपल्यालाच आधी सापडते, म्हणून ती आवर्जून कळवावी.

टॅब बदलून परत आल्यावर पात्र जमिनीतून खाली पडलं, तर टॅब किती वेळ मागे होता ते सांगावं. मागच्या टॅबमध्ये फ्रेम थांबतात आणि परत आल्यावर तो सगळा वेळ एकाच फ्रेममध्ये मोजला जातो. सेव्ह उडाली असेल तर खासगी विंडो होती का, हे आधी तपासा, कारण ती बंद केली की साठवलेलं पुसलं जातं. एफ १२ दाबून कन्सोलमधल्या (ब्राउझर चुका नोंदवतो त्या खिडकीतल्या) लाल ओळी जशाच्या तशा उचलून द्या.

खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ते आता सांगते. पहिला डाव सूचना न वाचता खेळा आणि त्याचं रेकॉर्डिंग ठेवा. नवखेपणा एकदाच मिळतो आणि बनवणाऱ्याने तो केव्हाच गमावलेला असतो. कुठे थांबलो, काय दाबून बघितलं, कितव्यांदा मेल्यावर पुढे गेलो, हे त्यालाही नंतर कुठून मिळणार नाही.

‘कंटाळा आला’ यातून त्याला काहीच करता येत नाही. ‘तिसऱ्या लेव्हलला नवव्यांदा मेल्यावर टॅब बंद करावासा वाटला, कारण दर वेळी पुन्हा सुरू व्हायला चार सेकंद लागतात’ यातून करता येतं. चांगल्यालाही हाच नियम लावते. ‘मस्त’ लिहीत नाही, ‘दार उघडताना स्क्रीन किंचित हलते, ते काढू नका’ असं लिहिते. नाहीतर पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या पुढच्या आवृत्तीत, नेमकं तेच निघून जातं आणि मला फार हळहळ वाटते.

गेम कुठल्या बंधनात झालाय तेही बघावं. लुडम डेअर या ठराविक वेळात गेम बनवायच्या स्पर्धेच्या कॉम्पो गटात ४८ तास मिळतात, जेएस १३ केच्या स्पर्धेत अख्खा गेम झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसवायचा असतो. तिथे रेकॉर्ड केलेलं संगीत मागणं अन्याय आहे. एका वेळी तीनच मुद्दे पाठवते, गेम पुढे जाऊ न देणारा सगळ्यात वर.

दुरुस्त केल्याचं कळलं की त्याच दिवशी पुन्हा खेळते. आधी कंट्रोल-शिफ्ट-आर, नाहीतर ब्राउझर जुनाच बिल्ड दाखवतो आणि आपण सुधारलेल्या चुकीची पुन्हा तक्रार करतो. मग ६० आणि १४४, दोन्हींवर तोच कट्टा चढून बघते आणि उडी किती चौकटींची झाली ते दोन आकडे लिहून पाठवते.